आधी शलाका, मग सॉफ्टवेअर

चि. मनीस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. फुल-डुप्लेक्समधला, म्हणजे एकाच वेळी एकाच पट्ट्यात पाठवता-ऐकताना आपल्याच सिग्नलचा होणारा, सेल्फ-इंटरफिअरन्स डिजिटल फिल्टरने काढून टाकायचा तुझा बेत कळला. पण आधी हिशेब मांड. 100 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नॉइज फ्लोअर उणे 94 डीबीएम. रिसीव्हरची भर 6 डीबी धरली तर उणे 88. तू पाठवणार 22 डीबीएमने. म्हणजे तुझाच सिग्नल 110 डीबीने, दहा हजार कोटी पटीने, दाबायचा आहे. 12 बिटांच्या एडीसीची (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपची) झेप फार तर 74 डीबी. तुझ्याच आवाजाने तो भरला की दूरच्या मोबाइलचा क्षीण सिग्नल त्याच्या पायरीखाली जातो, आणि तिथून कुठलंही सॉफ्टवेअर त्याला परत आणू शकत नाही. म्हणून मोठा भाग एडीसीच्या आधीच दाबायचा.

2013 मध्ये स्टॅनफर्डला दिनेश भराडिया आणि सहकाऱ्यांनी वायफायवर हे 110 डीबी साधले. ते काम जरूर वाच, मात्र त्यांचं ॲनालॉग सर्किट तुझ्या 28 गिगाहर्ट्झच्या, अनेक अँटेनांच्या रचनेत जसंच्या तसं आणू नकोस. 64 अँटेना पाठवणाऱ्या आणि 64 ऐकणाऱ्या म्हटल्या की गळतीच्या 4096 वाटा होतात. तेवढ्या वाटांसाठी बोर्डावर जागा कुठली?

पण त्याच अँटेना तुझ्या कामाच्या आहेत. 28 गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 10.7 मिलिमीटर, म्हणून 64 अँटेना तळहातावर मावतात. पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अँटेनांच्या शलाका (बीम) अशा निवड, की एकीची गळती दुसरीत शिरणारच नाही. यात मोबाइलकडे जाणारा थोडा जोर कमी होतो, तो सोसायचा. प्रत्यक्ष मोजमापांत शलाका अंशभर सरकवली तरी गळतीत मोठा फरक पडलेला दिसतो, त्यामुळे बहुधा फार जोर घालवावा लागणार नाही.

फेज शिफ्टर मात्र पायरीपायरीने फिरतात. गळती जिथे शून्य होते तो कागदावरचा शून्यबिंदू हार्डवेअरवर तसाच उतरत नाही. शिवाय शेजारच्या अँटेना इतक्या जवळ असतात की पुस्तकातलं दूरक्षेत्राचं सूत्र तिथे लागू पडत नाही. आमच्या लॅबमध्ये लोखंडी कपाटाचं दार कुणीतरी उघडलं आणि दोन दिवस खपून बसवलेला शून्यबिंदू क्षणात गेला. खोलीच्या भिंती, दारं, माणसं, सगळी तुझ्या चॅनलमध्ये आहेत. यातून उरेल तेवढंच डिजिटल फिल्टरला दे. पॉवर ॲम्प्लिफायरची विकृतीही तिथेच धर.

पुढच्या पत्रात सिम्युलेशनचा आलेख नको. दार उघडं आणि दार बंद, असे दोन्ही वेळचे मोजलेले आकडे पाठव.

तुझा,
मामा