उमेदवार दारात आला, तर काय विचारशील?

मतदानाच्या दिवसांत तू मला विचारलं होतंस, ताई, मत कुणाला देऊ? तेव्हा मी उत्तर दिलं नाही, आजही देणार नाही. ते तुझं तू ठरवायचं. नवऱ्याने नाही, सासऱ्यांनी नाही, मंडळाच्या अध्यक्षांनी नाही आणि मीही नाही. पण ठरवायचं कसं, यावर निवांत बोलू. प्रचाराच्या गोंगाटात असं बोललं की लोक लगेच विचारतात, या कुठल्या पक्षाच्या?

आधी एक गोष्ट लक्षात घे. तू लग्न होऊन आलीस तो भांडुप पश्चिम मतदारसंघ नव्या रचनेत 2009 साली पहिल्यांदा लढवला गेला. तेव्हा मनसेचे शिशिर शिंदे निवडून आले. 2014 ला शिवसेनेचे अशोक पाटील, 2019 ला शिवसेनेचेच रमेश कोरगावकर. 2024 ला शिवसेनेच्या दोन गटांत लढत झाली. एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेतून अशोक पाटील, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेतून कोरगावकर. पाटील सात हजारांहून कमी मतांनी जिंकले. म्हणजे आजवर इथे विद्यमान आमदार एकदाही लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही. टेंभीपाडा, कोकणनगर, हनुमान टेकडी, खिंडीपाडा इथल्या काही चाळींनी मन बदललं तरी निकाल फिरतो. इतकी ताकद हातात असताना आपण उमेदवाराला विचारतो काय? गटार कधी साफ होणार आणि सोसायटीला पेव्हर ब्लॉक कधी बसणार.

गटार महापालिकेचं. ते नगरसेवकाला विचार, एस वॉर्डात जाऊन तक्रार दे. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, त्यातून तो लादी बसवून देईलही. पण आपण त्याला लादीसाठी पाठवत नाही. त्याला पाठवतो ते 288 जणांच्या सभागृहात, कायदा करायला आणि सरकारला जाब विचारायला. तिथे तो काय बोलणार, ती त्याची भूमिका.

आता डोंगरावरच्या घरांचंच बघ ना. 18 जुलै 2021 च्या पावसात चेंबूरच्या भारतनगरात आणि शेजारच्या विक्रोळीच्या सूर्यनगरात घरं कोसळून माणसं गेली, ते तुला आठवत असेल. त्याच दिवशी आपल्या भांडुपात वनखात्याची भिंत पडून 16 वर्षांचा मुलगा गेला. वनखातं राज्याचं आहे. डोंगरउतारावर संरक्षक भिंत बांधणारं म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळही राज्याचंच. वस्ती कुठल्या तारखेपर्यंतची असली तर पात्र, हे ठरतं ते 1971 च्या झोपडपट्टी कायद्यातून आणि त्यावरच्या सरकारी निर्णयांतून. 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपडीला पुनर्वसनात मोफत घर. त्यानंतरच्या, 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून, आणि 2023 मध्ये सरकारने ती रक्कम अडीच लाख ठरवली. पण जमीन वनखात्याची असली की हे सगळं अडतं. 1997 मध्ये उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातल्या अतिक्रमणांबाबत आदेश दिला, तेव्हापासून कितीतरी कुटुंबं टांगणीला आहेत.

म्हणून टेकडीवरच्या बाईने उमेदवाराला सरळ विचारावं: वनजमिनीवरच्या आमच्या घरांबद्दल तुमचं म्हणणं काय? इथेच सुरक्षित करणार, की दुसरीकडे नेणार? नेणार तर कुठे, आणि माझ्या मुलांची शाळा, माझी घरकामं त्या जागेपासून किती लांब? ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ हे काही उत्तर नव्हे. उत्तरात जागेचं नाव हवं, कायद्याचं नाव हवं.

पाण्याचंही तसंच. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शुद्ध होऊन शहराकडे जातो, आणि त्याच संकुलाच्या आसपासच्या टेकडीवर बायका हंडे घेऊन उभ्या असतात. मला हे आजही सहन होत नाही. उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की वस्ती अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येत नाही. 2022 मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरणही आणलं. जलवाहिनी टाकायची पालिकेने, पण खालची जमीन वनखात्याची असेल तर परवानगीचा प्रश्न येतो, आणि तिथे आमदाराचं वजन लागतं. ‘पाणी पालिकेचा विषय आहे’ असं म्हणून तो सटकू लागला, तर त्याला परवानगीबद्दल विचार.

रुग्णालयांबद्दल तर मी हट्टाने सांगते, कारण तुझ्या घरात लहान बाळ आहे. डिसेंबर 2021 मध्ये भांडुपच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात नवजात बाळं दगावली, तेव्हा विधानसभेत त्यावर गदारोळ झाला. 2024 च्या एप्रिलअखेर सुषमा स्वराज प्रसूतिगृहात वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात प्रसूती केल्याचा आरोप कुटुंबाने केला; आई आणि बाळ दोघंही वाचले नाहीत. त्याआधी मार्च 2021 मध्ये ड्रीम्स मॉलमधल्या सनराइज रुग्णालयाच्या आगीत कोविडचे रुग्ण गेले. प्रसूतिगृहं पालिकेची, मॉल खाजगी, पण 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा विधानसभेनेच केलेला आहे. त्याची अंमलबजावणी कोण तपासतं, किती रुग्णालयांची तपासणी झाली, हे मंत्र्याला सभागृहात विचारायचा अधिकार आमदाराला आहे. तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते. घटना घडली त्या दिवशी दारात येऊन फोटो काढणारा आणि सहा महिन्यांनी त्याच घटनेवर मंत्र्याकडून लेखी उत्तर मिळवणारा, यांतला फरक ओळखायला शीक.

लाडकी बहीण योजनेचे पैसे तुझ्या खात्यात येतात, त्याबद्दल अजिबात संकोच करू नकोस. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरात बाईच्या स्वतःच्या नावावर दीड हजार येणं ही मोठीच गोष्ट आहे. पण 2024 च्या प्रचारात महायुतीने 2100 सांगितले, महाविकास आघाडीने 3000 आणि मोफत बसप्रवास. पुढे मार्च 2025 चा अर्थसंकल्प आला, त्यात 2100 नव्हते. म्हणून आकडा ऐकलास की लगेच विचार: कधीपासून, आणि कुठल्या खात्यातून? जो उमेदवार म्हणेल, ‘एवढा पैसा इथून आणू, अमुक खर्च कमी करू’, त्याचं म्हणणं तुला पटो वा न पटो, त्याने तुला नागरिक मानलं.

मिठागरांचं मात्र कुणी आपल्या गल्लीत बोलतच नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कांजूर, भांडुप आणि मुलुंडची मिळून 255.9 एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांच्या भाड्याच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. ठाकरेंच्या पक्षाने धारावीचं टेंडर रद्द करू असं सांगितलं, महायुतीने प्रकल्प पुढे नेऊ असं. इथे खरोखर दोन वेगळ्या भूमिका होत्या, आणि भांडुपच्या मतदाराला त्यांतली एक निवडता येत होती. तुला वाटेल, मिठागरं पूर्वेला, आपण पश्चिमेला. अगं, पण डोंगरावरचं पाणी उतरून खाडीकडेच जातं ना? ती सखल जागा बांधून काढली तर पाणी थांबणार कुठे, हा प्रश्न आपल्याही लेक रोडचा आहे. धारावीतल्या बाईलाही घर हवंच, तिच्याबद्दल मनात आकस ठेवू नकोस. तिला कुठे आणि कसं घर मिळावं, हे उमेदवाराकडून ऐकून घे.

या सगळ्याचा पडताळा घेता येतो. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं असतं. मुंबईच्या आमदारांनी सभागृहात किती आणि कशावर प्रश्न विचारले, याचं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं. मोबाइलवर मालिका बघतेस, त्यातली अर्धी संध्याकाळ याला दे. आणि हळदीकुंकवाला कुणी साडी दिली तर तिचं ओझं मानू नकोस. मतदान यंत्रासमोर तू एकटीच असतेस.

पुढची विधानसभा निवडणूक 2029 ला. तोवर थांबू नकोस. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की चाळीतल्या चारजणींना घेऊन आमदारांच्या कार्यालयात जा, वनजमीन आणि प्रसूतिगृह या दोन विषयांवर प्रश्न लिहून द्या, आणि अर्जावर पोच घेतल्याशिवाय निघू नका.