दोरा आणि विमान

आपल्या उदगीरला विमानतळ नाही. जवळचे विमानतळ लातूर व नांदेड येथे आहेत. २०१७ साली नांदेडहून अमृतसरला विमान सुरू झाले.

वर्गात भारताचा नकाशा होता. प्रमाण : १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. एका मुलीने नांदेडपासून अमृतसरपर्यंत दोरा ताणला. तो १४ सेंटिमीटर भरला, म्हणजे अंतर १४०० किलोमीटर. गुरुजींनी विमानाचा वेग ताशी ७०० किलोमीटर धरला. उत्तर आले २ तास. पण चढताना व उतरताना विमानाला तेवढा वेग नसतो, म्हणून अर्धा तास वाढवला. सचखंड एक्स्प्रेसला मात्र एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. रूळ काही दोऱ्यासारखे सरळ नसतात!

मुलगी म्हणाली, "गुरुजी, उदगीरहून नांदेडला जायला एस.टी.लाही अडीच तास लागतात!"