दुकान तापतंय? दुसरा एसी घेण्याआधी हे तपासा

भाडं, डिपॉझिट, फर्निचर यावर आपण बोललो. आज बोलू उष्णतेवर. नागपुरात मे महिन्यात ती खर्चाच्या वहीत वेगळी ओळ मागते.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं होममेड चॉकलेटचं दुकान आहे. कॉम्प्लेक्सचा पहिला मजला, मागची बाजू, म्हणून भाडं कमी. पण एक टनाचा एसी चालू असूनही दुपारनंतर आत ३१-३२ अंश! कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी चॉकलेट मऊ पडून पांढरट डाग येतात. अर्धा माल परत येऊ लागला. ताई हप्त्यावर दुसरा एसी घ्यायला निघाल्या होत्या. म्हटलं, चार दिवस थांबा, गरमी येते कुठून ते आधी पाहू.

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि सकाळी ११, दुपारी ४ आणि रात्री साडेआठला आकडा लिहा. सोबत प्रत्येक भिंतीला आणि छताला हात लावून बघा. (कोरोनात घेतलेली कपाळाची गन इथे चालत नाही, ती शरीराच्या तापमानासाठी असते.) पश्चिमेची भिंत चार-पाचला तापते. गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तास उशिरा, म्हणजे ऐन संध्याकाळच्या गिऱ्हाइकीत आत सोडतो.

ताईंच्या डोक्यावर मात्र दुसरा मजला होता, स्लॅब सुटला. तापत होती मागची भिंत, जिच्यावर ऊन पडतच नाही! आणि रविवारी शेजारची दुकानं बंद, तेव्हा तीच भिंत गार. मागच्या डक्टमध्ये डोकावलो तर शेजाऱ्यांची चार आउटडोअर युनिट्स. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात आतली साधारण ५ किलोवॅट उष्णता उचलतो, त्यात स्वतःची दीड किलोवॅट वीज मिळवून सगळं बाहेर फेकतो. म्हणजे एकेक युनिट तीन मोठ्या रूम हीटरएवढं. ताईंनी दुसरा एसी तिथेच लावला असता तर त्या हीटरमध्ये भरच पडली असती.

कुणीतरी त्यांना कूलर सुचवला होता. आपल्या कोरड्या उन्हात कूलर झकास, पण चॉकलेटला ओलावा चालत नाही.

भांडून काही झालं नसतं. ताईंनी शेजाऱ्यांना त्यांचाच तोटा दाखवला: तुमचा एसीही हीच गरम हवा ओढतो, थंडावा कमी, बिल जास्त. तिघांनी युनिट्स गच्चीवर हलवली. तांब्याच्या पाइपचा आणि गॅसचा खर्च वाटून घेतला, सोसायटीची परवानगी लेखी घेतली. चौथे काका अजून ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला आतून थर्माकोलचा थर आणि वर प्लाय. आता दुपारी चारला २६ अंश आहे, दुसरा एसी रद्द.

जे अजून जागा शोधताहेत त्यांनी गाळा दुपारी चारला बघा, एजंट सकाळीच दाखवेल. मागे डक्ट असेल तर तिथे किती युनिट्स आहेत ते मोजा. तुमचं आउटडोअर कुठे बसणार हे लिव्ह अँड लायसन्स करारात लिहून घ्या. तो करार तसाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदवावाच लागतो, त्यात ही एक ओळ घालायला वेगळे पैसे पडत नाहीत.