गोड वाइन आणि रक्तवाढीचा समज

सांगली-तासगावचा बेदाणा आपल्या वाचकांना नवा नाही. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. द्राक्षातले पाणी उडाले की साखर दाट होते, एवढे साधे गणित त्यामागे आहे. दक्षिण स्पेनमध्ये हेरेझ शहराच्या परिसरात शेरी नावाची वाइन बनते. तिचा ‘पेद्रो हिमेनेझ’ हा अतिगोड प्रकार याच गणितावर चालतो. आपण द्राक्षे शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत सुकवतो, तिकडे ती भर उन्हात पसरतात. मग रस पिळून थोडा आंबवतात आणि त्यात द्राक्षाचीच कडक दारू मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते आणि साखर तशीच राहते.

मध्यंतरी एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी ही बाटली आली. मुलाने परदेशातून आणलेली. आजीबाई ती पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन आल्या. “डॉक्टरसाहेब, सूनबाई बाळंत होऊन महिना झाला. अंगात रक्त नाही. रोज अर्धा कप देऊ का? फोर्टिफाइड आहे म्हणे!”

मी चमचाभर चाखून पाहिली. रंग काकवीसारखा काळपट, तशीच दाट. वास बेदाण्याचा आणि खजुराचा. जिभेवर निव्वळ गोडी. घशाखाली गेल्यावर मात्र ऊब जाणवते. धोका नेमका इथेच आहे. कडू औषध कोणी जास्त घेत नाही, पण हा पाक अर्धा कप सहज पोटात जातो.

अर्धा कप म्हणजे साधारण 100 मिली. अशा वाइनमध्ये अल्कोहोल 15 ते 20 टक्क्यांच्या आसपास असते. 18 टक्के धरले तर अर्ध्या कपात सुमारे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगात ते 10 ग्रॅमच्या आसपास असते. शिवाय साखर 30 ते 40 ग्रॅम, म्हणजे सहा ते आठ चहाचे चमचे. मधुमेह्याने काय समजायचे ते समजावे.

‘फोर्टिफाइड’ या शब्दाने घोटाळा केला आहे. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळात लोह आणि जीवनसत्त्वे घातलेली असतात. वाइनच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की वरून दारू घातली आहे. बळ वाइनला मिळते, पिणाऱ्याला नाही! गोव्याहून येणाऱ्या गोड ‘पोर्ट वाइन’बद्दलही हाच समज घरोघरी आहे. तिच्या लाल रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. अर्ध्या कपातले लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. सरकारी दवाखान्यात गरोदर आणि बाळंत स्त्रियांना फुकट मिळणाऱ्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते, सोबत फॉलिक ॲसिड.

पाजणाऱ्या आईच्या रक्तात जेवढे अल्कोहोल, जवळजवळ तेवढेच तिच्या दुधात उतरते. गरोदरपणात तर ते थेट गर्भापर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितले, की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. यकृताचा आजार असलेले, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे यांनीही लांब राहावे. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर अल्कोहोल पोटात गेले तर रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते.

आपल्या द्राक्षासवातही आंबवण्याने तयार झालेले अल्कोहोल असते, बहुधा 5 ते 10 टक्के. ते वैद्यांनी सांगितलेल्या मापाने घेतले जाते, म्हणून सहसा त्रास देत नाही. पण दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल, तर आसव-अरिष्टाच्या दोन चमच्यांनीही तोंड लाल होणे, धडधड, उलट्या सुरू होऊ शकतात. त्या घरात ही बाटली फडताळात ठेवूच नये.

सूनबाईंचे हिमोग्लोबिन तपासले. 8.4 निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या; चहाबरोबर नव्हे, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या. जेवणात पालेभाजी, मटकी, कडधान्ये, आणि चालत असेल तर अंडी व मटण. महिन्याने पुन्हा रक्त तपासायचे आहे.