क्रिएटिनिन दर वेळी, कान एकदाही नाही

"जीव वाचला हे काय कमी आहे?" हे वाक्य मला भेटणाऱ्या प्रत्येकाने ऐकवून झालं आहे. कमी नाहीच. डॉक्टरांचे आभार मानलेत, पुन्हा मानतो. पण कानाचं आधी कुणी सांगितलं असतं, म्हणून काही जीव वाचायचा राहिला नसता.

गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग रेडिएशन आणि त्यासोबत दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचा मोठा डोस. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांना पुढचं सांगायला नको. प्रत्येक डोसआधी रक्त काढायचे आणि क्रिएटिनिन बघायचे, कारण हे औषध किडनीला झोंबतं. आधी सलाईन, नंतर सलाईन, लघवी मापात मोजून कागदावर लिहायची. क्रिएटिनिन जरा वर गेलं तर डोस पुढे ढकलला. एवढी काळजी! हेच औषध कानालाही झोंबतं, हे पुस्तकात त्याच पानावर असतं. कान मात्र ना आधी तपासले, ना मधे, ना शेवटी.

मला कळलं ते थर्मामीटरमुळे. ताप १००.४ च्या वर गेला तर लगेच या, असं बजावलेलं होतं. म्हणून डिजिटल थर्मामीटर काखेत धरून बसलो होतो. वाजेना. बायको आतून ओरडली, "अहो, कधीचा वाजतोय, काढा की तो." मी म्हटलं, कुठे वाजतोय? तिने तो काढून माझ्या कानाशी धरला. बारक्या काचेवर आकडा लुकलुकत होता आणि तिचा चेहरा सांगत होता की वाजतोय. मला काही नाही. दुसऱ्या कानाला लावला, तिथेही नाही. मग तिने कुकरची शिट्टी, मोबाइल असं एकेक विचारायला सुरुवात केली, आणि पावसाळा अर्धा सरला तरी यंदा रातकिडे ओरडलेच नाहीत असं मला का वाटत होतं त्याचाही उलगडा झाला. उरली होती ती एक बारीक शिट्टी, कानाच्या आतली. ती अजून आहे.

गडब गावात माझं किराणा दुकान आहे, हायवेला लागून. डोलवीच्या कारखान्याकडचे ट्रेलर, त्यांचे हॉर्न सगळं धडधडीत ऐकू येतं. गिऱ्हाईक "सोडा" म्हणतं, मी गोडा मसाला काढतो. साठ की आठ हे मोबाइलच्या पडद्यावर बघून ठरवतो. गावातली एक म्हातारी तर सरळ म्हणाली, "बहिरा झालास काय रे?" तिचा राग आला नाही. निदान तिने विचारलं तरी.

राग आला तो पुढच्या तपासणीला. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांना सांगितलं, ऐकू कमी येतंय. ते माझ्याशी बोलत होते आणि मी उत्तरं देत होतो, त्यामुळे हसून म्हणाले, "येतंय की ऐकायला. वयोमानाने होतं थोडं." माझं वय बावन्न. मी पुन्हा थर्मामीटरचं सांगायला लागलो, तशी त्यांनी फाईल चाळून संमतीपत्र काढलं. इंग्रजी कागद, बारीक अक्षर, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय. सही तुमचीच ना?" ऑपरेशननंतर तोंड धड उघडत नव्हतं आणि बाहेर लाइन होती, तेव्हा घेतलेली सही. माझीच. बाहेर आलो तेव्हा पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला, तोही मला नीट कळला नाही.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, शेवटी स्वतःच्या पैशाने बाहेर केली. कागदावरची रेघ २,००० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट, आणि तिथून पुढे कडा तुटावा तशी खाली. दोन्ही कान सारखे. करणाऱ्या ताईंनी रेघ बघताच विचारलं, "सिस्प्लॅटिन घेतलं होतंत का?" एका रेघेवरून त्यांना कळलं.

त्यांनी समजावलं ते असं. कानाच्या आत शंखासारख्या भागात बारीक केसांच्या पेशी असतात. हे औषध त्या मारतं आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात उंच पट्टीच्या पेशींपासून होते. माणसाचा आवाज ऐकू येतो, पण स, श, थ, फ गळतात. म्हणून समोरच्याला वाटतं, याला येतंय की ऐकायला. औषध तिथे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं टिकून राहतं, त्यामुळे उपचार संपल्यावरही कान उतरू शकतो.

आता ज्यांची ट्रीटमेंट सुरू व्हायची आहे त्यांच्यासाठी. पहिल्या सिस्प्लॅटिनच्या आधी ऑडिओमेट्री करून घ्या. नंतर प्रत्येक मोठ्या डोसआधी, आणि उपचार संपल्यावरही काही महिन्यांनी. नेहमीची तपासणी ८,००० हर्ट्झला थांबते. त्याच्या वरची होत असेल तर ती मागा, कारण घसरण तिथे आधी दिसते. आधीचा कागद हातात नसेल, तर "तुमचं आधीपासूनच असेल" हे ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकलंय.

डोसबद्दल विचारा, पण मनाने डोस चुकवू नका. दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅमचा डोस, तोही शरीराच्या दर चौरस मीटरला, देणारे डॉक्टर वेडे नसतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१८ साली ३०० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात आठवड्याला ३० मिलिग्रॅम देण्यापेक्षा या मोठ्या डोसने आजार जास्त आटोक्यात राहिला. त्रासही अर्थातच जास्त झाला. पण २०२२ साली जपानच्या अभ्यासात, ऑपरेशन झालेल्या रुग्णांना आठवड्याला ४० मिलिग्रॅम दिलं तर ते मोठ्या डोसला उणं पडलं नाही. टाटाच्याच डॉक्टरांनी सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांना रेडिएशनसोबत डोसिटॅक्सेल देऊन फायदा दाखवलाय. म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आहे. मला कुणी विचारूच दिलं नाही. कानाचं संरक्षण करणारं सोडियम थायोसल्फेट अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं, पण ते लहान मुलांसाठी, आणि तेही आजार पसरलेला नसेल तरच. मोठ्यांत ते गाठीलाही वाचवेल अशी भीती आहे. घरात लहान मूल पेशंट असेल तर डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढा.

मधे ताप आला आणि जवळच्या दवाखान्यात गेलात, तर फाईलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहून न्या: सिस्प्लॅटिन चालू आहे. अमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं आणि लघवीसाठीचं फ्युरोसेमाइड यांनी कानाचं आणखी नुकसान होऊ शकतं. कधी ती द्यावीच लागतात, ते कबूल. पण माझ्या डिस्चार्ज कार्डावर अमिकासिन लिहिलंय आणि देणाऱ्याने फाईल उघडलीही नव्हती.

कान-नाक-घसावाल्यांना दाखवाच. रेडिएशनने कानाच्या पडद्यामागे पाणीही साचतं, आणि त्यावर उपाय आहे. ऐकण्याचं यंत्र घेताना दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलू नका. सगळाच आवाज मोठा करणारं यंत्र आपल्या कामाचं नाही, त्याने नुसते ट्रेलर मोठे होतात. तुमच्या रेघेप्रमाणे प्रोग्रॅम करून देणारं हवं आणि घरी वापरून बघायला मिळायला हवं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. पनवेलहून लोकलने जाता येतं, तिथे तपासणीही होते आणि यंत्रही बसवतात. बाकी आहार, विश्रांती, सकारात्मक विचार हे सगळे सांगतातच. रात्री कानात शिट्टी फार वाजली तर पंखा चालू ठेवा, एवढं मात्र खरंच उपयोगाचं. घरच्यांनी ओरडू नये, समोर येऊन सावकाश बोलावं.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही सांगून टाकतो. २०१६ च्या कायद्यात ऐकू कमी येणं म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल तूट. सवलतीच्या यंत्राचा रस्ता त्या प्रमाणपत्रातूनच जातो. सरासरी काढताना खालच्या पट्टीतले माझे चांगले आकडेही धरले जातात, त्यामुळे ती ६० च्या आत येते. सरकारी हिशेबाने मला ऐकू येतं.