28 वर्षांच्या दादाला मैत्री शिकवता येते का?

प्रश्न : माझा मोठा भाऊ 28 वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. 18 व्या वर्षी विशेष शाळा सुटली, तेव्हापासून घरीच असतो. दारात येईल त्याच्या गळ्यात पडतो, पण मित्र एकही नाही. आमच्या गावाजवळच्या आनंदवनात समाजाने टाकलेल्यांचे संसार उभे राहिले, मग दादाला निदान मैत्री शिकवता येईल का? नातेवाईक म्हणतात, लग्न लावून द्या, सुधारेल.
– एक बहीण, वरोरा

उत्तर : येते, ताई. आनंदवनाकडेच नीट बघा. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये आनंदवन चालवणारी महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हा कुष्ठरुग्णांना औषधाबरोबर हाताला काम दिलं. शेजारी शेजारी राबणारी माणसं एकमेकांची झाली, मग संसार झाले. कुष्ठरोगाने बुद्धीला बाधा येत नाही, म्हणून दादाची गोष्ट वेगळी हे खरं. पण क्रम तोच लागू पडतो. घरात बसून मित्र मिळत नाहीत. पाकिटं भरणं, रोपवाटिका, मेणबत्त्या, जे त्याला झेपेल ते काम, त्याच्या वयाच्या माणसांसोबत, रोज. अशी कार्यशाळा जवळ नसेल, तर चार-पाच पालकांनी मिळून आठवड्यातून दोन दुपारी तरी मुलांना एकत्र आणावं. वज्झरला दिव्यांग अनाथांचं बालगृह चालवणारे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, 2024) यांनी या मुलांना 18 वर्षांनंतरही बालगृहातच राहू द्या, म्हणून वर्षानुवर्षं धोशा लावला. शाळा सुटली की सोबतही सुटते, हे दुखणं सगळीकडचंच आहे.

दुसरं, त्याला मोठा माणूस म्हणून वागवा. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, काही घरांत अशा मोठ्या पुरुषाच्या हातात लाकडी बैल देऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागायला पाठवतात. प्रेमापोटीच, पण त्याला लहान पोरांत उभं केलं की त्याच्या वयाचे तरुण त्याच्याशी मैत्री करायला पुढे येत नाहीत. त्यापेक्षा मोठ्या पोळ्याला त्याला बैल सजवायच्या कामाला घ्या.

गळ्यात पडण्याचं म्हणाल, तर रागावून ते थांबत नाही. अंगणात खडूने एकात एक वर्तुळं काढा. मधोमध दादाचा फोटो. लगतच्या वर्तुळात आई-बाबा आणि तुम्ही : इथे मिठी चालते. पुढच्यात काका, शेजारी : हात मिळवायचा. त्यापुढे किराणावाला, ऑटोवाला : नमस्कार. सर्वांत बाहेर अनोळखी. या सगळ्यांचे फोटो हातात घेऊन त्यालाच ज्याच्या त्याच्या वर्तुळात ठेवू द्या, मग दारावरची बेल वाजवून खोटे पाहुणे व्हा आणि सराव घ्या. महिनोन्‌महिने. घरातल्या सगळ्यांनी नियम एकच पाळावा, नाहीतर त्याचा गोंधळ उडतो.

आणि वर्तुळ दोन्ही बाजूंनी पाळायचं असतं. पाहुण्याने गाल ओढलेला त्याला आवडत नसेल, तर पाहुण्याला थांबवा. ज्याचं ‘नको’ घरात कुणी ऐकलं नाही, तो बाहेर वाईट स्पर्शालाही ‘नको’ म्हणू शकत नाही. शरीराच्या अवयवांची नावं, एकांतात काय करायचं आणि चारचौघांत काय नाही, हेही साध्या शब्दांत सांगाच. न शिकवण्याची किंमत आपल्या राज्याने पाहिली आहे : 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रियेने काढली गेली, कारण त्यांना पाळी सांभाळता येत नाही असं ठरवलं गेलं.

लग्नाबद्दल मी ठाम आहे. लग्न हे औषध नाही, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य वापरणं हा अन्याय आहे. लग्न म्हणजे काय हे समजून स्वतः होकार देण्याची क्षमता 1955 चा हिंदू विवाह कायदाही मागतो. पण दादाने कधी कुणी आवडतं असं सांगितलं, तर हसण्यावारी नेऊ नका. काय आवडतं ते विचारा, दोघांना सगळ्यांच्या देखत गप्पा मारू द्या, तिच्या घरच्यांशी मोकळेपणी बोला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही निर्णयाला आधार देण्यावर भर देतो. आधी मात्र कार्यशाळेचं बघा, तेही या पोळ्याच्या आत.