पवनीत एक दिवस

पवनी आपल्या भंडारा जिल्ह्यातच आहे. पुष्कळ जण तिथे जातात. वैनगंगेत बुडी मारतात, देवळात नारळ फोडतात नि परत येतात. देवळे आणि घाट इतके, की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. पण गाव पाहायचे राहूनच जाते. म्हणून आमच्या रात्रीच्या वर्गातले आम्ही बाराजण एक दिवस मुद्दाम निघालो. गाव दाखवायला तिथलेच एक म्हातारे गुरुजी सोबत आले.

आधी आम्ही तट पाहिला. गावाच्या तीन बाजूंना मातीचा उंच तट आहे. तटाबाहेर खंदक आहे. चौथ्या बाजूला तट नाही. तिथे वैनगंगाच राखण करते.

मग गुरुजींनी आम्हाला जगन्नाथ टेकडीकडे नेले. पाहणाराला वाटते, ही साधी टेकडी. पण सन 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि सरकारचे पुराणवस्तू खाते यांनी मिळून इथे खोदकाम केले. आत विटांचा प्रचंड स्तूप निघाला. दोन हजार वर्षांहून जुना! स्तूप म्हणजे विटांचा भरीव घुमट. त्याच्या आत शिरायचे नसते. त्याला प्रदक्षिणा घालायची असते. भोवती दगडी कठडा होता. एका खांबावर फणा काढलेला नाग कोरलेला आहे. त्याचे नाव मुचलिंद. पावसात त्याने भगवान बुद्धांवर फणा धरला, अशी कथा आहे.

कठड्याच्या दगडांवर अक्षरेही आहेत. आमच्यातल्या एका आजींनी विचारले, “हे कायले लिवलं असन जी, गुरुजी?”

“आजी, ज्यांनी दान दिले, त्यांची ही नावे. राजेच नव्हेत, साधी माणसेही. त्यांत बायाही आहेत.”

आजी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बायांची नावं? दगडावर?”

दुपारी घाटावर भाकरी सोडली. खाताखाता गुरुजींनी एका दूरच्या गावाची गोष्ट सांगितली. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. (खायचा पेरू नव्हे बरं का!) तिथे कुस्को नावाचे शहर डोंगरात 3,400 मीटर उंचीवर वसले आहे. आपले कळसुबाईचे शिखर 1,646 मीटर. म्हणजे हे शहर त्याच्या दुपटीहून उंच. तिथे हवा विरळ. नवा माणूस चार पायऱ्या चढला की धापा टाकतो, डोके दुखते. म्हणून वाटाडे पाहुण्यांना पहिल्या दिवशी हळूहळू फिरवतात. कोका नावाच्या पाल्याचा चहा पाजतात.

कुस्को ही इंका राजांची राजधानी. त्यांना लिहिणे ठाऊक नव्हते. धान्याचा, माणसांचा हिशेब ते दोऱ्यांना गाठी मारून ठेवीत. 1533 साली स्पेनच्या लोकांनी ते शहर घेतले. शहराच्या वर इंकांनी रचलेला दगडी कोट होता. नव्या मालकांनी त्याचे दगड काढून खाली देवळे नि घरे बांधली. हलवता आले नाहीत, तेवढे अजस्र दगड आज उरले आहेत. आणि त्या गाठींचे म्हणाल, तर त्यांचा पुरा अर्थ आजही कोणाला लागलेला नाही.

हे ऐकून एक काका खाली मान घालून म्हणाले, “आमच्या गावाजवळच्या टेकाडातून जुन्या विटा निघतात. मोठमोठ्या. माझ्या गोठ्याला त्याच लावल्या जी.”

कोणी हसले नाही. त्या विटा कशाच्या, ते आता कोण सांगणार? शेतात नांगराला कोरलेला दगड लागला, नाणी सापडली, तर ती तशीच ठेवून तलाठी किंवा पोलीस पाटील यांना कळवावे. दगडाचा पाटा करू नये.

मग गुरुजींनी वाळूत बोटाने दोन अक्षरे काढली. ती ब्राह्मी लिपीतली. स्तूपाच्या दगडांवर हीच लिपी आहे, आणि आपली बाळबोध अक्षरे तिच्यातूनच पुढे झाली. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे बेरजेची खूण. ‘ठ’ म्हणजे नुसता गोल. आपल्या ‘ठ’चे पोट अजून गोलच आहे, पाहा. तुम्हीही पाटीवर काढून पाहा.

आजींनी दोन्ही अक्षरे काढली. मग शेजारी आपले नाव लिहिले, आपल्या अक्षरात. एक काना राहिला होता, तो मागून दिला. तेवढ्यात कोणी तरी हाक मारली, गाडीची वेळ झाली होती.